वापरलेलं ग्राफिक्स कार्ड आणि घरातला पॉवर सप्लाय: वॉटांचा हिशेब

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने आपली कामाची पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर ते 'खणण्या'चा उद्योग एका दिवसात थांबला. त्या कामाला जुंपलेली कार्डं विक्रीला आली. एरवीही नवी पिढी बाजारात उतरली की आधीच्या पिढीची कार्डं विकणारे असतातच. त्यामुळे इथे अमेरिकेत दहा-वीस मैलांच्या परिघात एखादं दणकट कार्ड स्वस्तात मिळून जातं. कोणाला ते मुलांच्या गेमसाठी हवं असतं, कोणाला व्हिडिओ संपादनासाठी, तर कोणाला घरच्या संगणकावर एआय मॉडेल चालवून बघायचं असतं. पैसे देण्याआधी मात्र एक प्रश्न सोडवायला हवा: आपला सध्याचा पॉवर सप्लाय या कार्डाला पुरेल का?

बहुतेक जण पॉवर सप्लायवरचा मोठा आकडा बघतात आणि ठरवून टाकतात. तो आकडा महत्त्वाचा आहेच, पण त्याने अर्धंच उत्तर मिळतं. वीज किती लागते याबरोबरच ती कोणत्या लाइनवर मिळते, कोणत्या तारांतून जाते आणि क्षणभर किती उसळते, हेही बघावं लागतं. एक नेहमीचं उदाहरण घेऊन हिशेब करू. कार्ड आरटीएक्स ३०८०, प्रोसेसर रायझन ७ ५८००एक्स आणि पॉवर सप्लाय ६५० वॉटचा.

आधी बेरीज

३०८० चा अधिकृत वीजवापर ३२० वॉट आहे. प्रोसेसरच्या खोक्यावर १०५ वॉट लिहिलेलं असतं, पण पूर्ण भार आला की तो १४२ वॉटपर्यंत जाऊ शकतो. कंपनीनेच ती मर्यादा ठेवली आहे. इंटेलचंही तसंच. कोअर आय५-१२४०० चा मूळ आकडा ६५ वॉट, तर कमाल ११७. बेरजेत नेहमी मोठा आकडा धरावा. मदरबोर्ड, मेमरी, डिस्क आणि पंखे यांचे मिळून साधारण ६० वॉट धरले तर एकूण ५२२ वॉट होतात, म्हणजे ६५० च्या ८० टक्के. कागदावर जमलं! तरीही एनव्हीडिया या कार्डासाठी ७५० वॉट सुचवते. का, ते पुढे पाहू.

लेबलवरचा तक्ता

पॉवर सप्लायच्या बाजूला एक तक्ता चिकटवलेला असतो. त्यात ३.३, ५ आणि १२ व्होल्टच्या लाइनवर किती अँपिअर मिळतात ते दिलेलं असतं. आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरून घेतात, म्हणून तिथले अँपिअर घेऊन १२ ने गुणायचं. ५४ अँपिअर असतील तर ६४८ वॉट. हा प्रामाणिक ६५० वॉटचा पॉवर सप्लाय. पण काही जुन्या किंवा अगदी स्वस्त पॉवर सप्लायमध्ये मोठा आकडा इतर लाइनी मिळवून फुगवलेला असतो. १२ व्होल्टवर ३८ अँपिअरच असतील तर हाती ४५६ वॉट येतात. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

'८० प्लस गोल्ड' वगैरे शिक्क्यांचा संबंध कार्यक्षमतेशी आहे, ताकदीशी नाही. ९० टक्के कार्यक्षम पॉवर सप्लाय संगणकाला ५२२ वॉट देताना भिंतीतून ५८० घेतो आणि उरलेले ५८ वॉट उष्णता होऊन जातात. लेबलवरचा आकडा संगणकाला मिळणाऱ्या विजेचा असतो. त्यामुळे सॉकेटला लावलेल्या मीटरवर ५८० दिसले, तर पॉवर सप्लायवर तेवढा भार आहे असं समजू नये.

भिंतीकडचा हिशेबही करून ठेवा. अमेरिकी घरांत खोल्यांचं सर्किट बहुधा १५ अँपिअर आणि १२० व्होल्टचं, म्हणजे १८०० वॉटचं असतं. हिवाळ्यात त्याच सर्किटवर १५०० वॉटचा हीटर चालू असेल, तर त्यात हे ५८० मिळवून बघा. ब्रेकर पडण्यात नवल नाही.

क्षणभराची उसळी

आता ७५० चं कारण. ३२० वॉट ही सरासरी आहे. चिपवरचा भार सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात बदलतो आणि तेवढ्या क्षणापुरतं ३०८० सारखं कार्ड दीडपट ते दुप्पट वीज ओढू शकतं. दीडपट म्हटलं तरी ४८० वॉट. त्यात उरलेले २०२ मिळवले की ६८२, म्हणजे ६५० च्या पलीकडे. चांगल्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर असे क्षण निभावून नेतात. काहींची संरक्षक यंत्रणा मात्र हा बिघाड समजून वीज तोडते आणि ऐन खेळात संगणक एकदम बंद पडतो. निळा पडदा नाही, सूचना नाही, नुसता काळोख.

ही अडचण ओळखून २०२२ मध्ये इंटेलच्या एटीएक्स ३.० मार्गदर्शिकेत तरतूद झाली. ४५० वॉटपेक्षा मोठ्या आणि नवी १६ पिनी जोडणी असलेल्या पॉवर सप्लायने १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार सोसावा, अशी अपेक्षा त्यात आहे. त्याआधीचा पॉवर सप्लाय असेल तर हातात जास्त शिल्लक ठेवणं शहाणपणाचं.

तारा आणि जोडण्या

मदरबोर्डवरच्या खाचेतून कार्डाला ७५ वॉट मिळू शकतात, ६ पिनी जोडणीतून ७५ आणि ८ पिनीतून १५०. दोन ८ पिनी जोडण्यांच्या कार्डाला एकूण ३७५ वॉटची सोय झाली. ३२० साठी पुरेशी. मात्र पॉवर सप्लायपासून निघालेल्या दोन वेगळ्या केबली लावाव्यात. एकाच केबलच्या दोन शेपट्या लावल्या तर सगळा प्रवाह त्याच तारांतून जातो आणि त्या तापतात.

साटा डिस्कची जोडणी ६ पिनीत बदलणारी अडॅप्टर मिळतात, ती टाळावीत. साटा जोडणीत १२ व्होल्टच्या ३ पिना, प्रत्येकी १.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॉट. तिच्याकडून ७५ मागितले तर प्लॅस्टिक वितळू शकतं, आगही लागू शकते. प्रोसेसरची ८ पिनी केबल कार्डाच्या केबलसारखी दिसते, पण तिची जुळणी वेगळी असते. जोर लावून बसवू नका. आणि पॉवर सप्लायच्या सुट्या केबली दुसऱ्या मॉडेलला लावू नका. त्या टोकाची जुळणी प्रमाणित नसते आणि चुकीच्या पिनेवर १२ व्होल्ट गेले की डिस्क किंवा कार्ड जळू शकतं.

वय

पॉवर सप्लायमधले कपॅसिटर हळूहळू सुकतात. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं. दहा वर्षं गरम खोलीत चाललेल्या ६५० वॉटच्या पॉवर सप्लायकडून नव्याइतकी अपेक्षा ठेवू नये. तपासायला म्हणून तो उघडू मात्र नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर वीज बंद केल्यानंतरही काही काळ ३०० व्होल्टच्या वर दाब राहू शकतो.

मग काय करायचं?

आपल्या उदाहरणातला ६५० वॉटचा पॉवर सप्लाय चांगल्या बनावटीचा आणि दोन-तीन वर्षांचा असेल, तर कार्डाची वीजमर्यादा कमी करून बघा. आफ्टरबर्नरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ती ३२० वरून २६० वर आणता येते. चिपचा वीजवापर साधारणपणे वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वेग थोडा उतरला की व्होल्टेजही उतरतं, त्यामुळे वीज बरीच वाचते आणि कामगिरी त्यामानाने थोडीच घटते. पॉवर सप्लाय जुना किंवा अनोळखी असेल, तर कार्डाच्या किमतीत नव्याची किंमत मिळवा आणि मगच सौदा स्वस्त आहे का ते ठरवा. ऑफिसातून निवृत्त झालेला २५०-३०० वॉटचा संगणक असेल, तर जीटीएक्स १६५० चं वेगळी केबल न लागणारं, ७५ वॉटचं मॉडेल बरं. अंथरूण पाहून पाय पसरावेत.

कार्ड बसवल्यावर अर्धा तास जड गेम चालवा. १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या दरम्यान राहायला हवी. सॉफ्टवेअरचा आकडा ढोबळ असतो. शंका आली तर मल्टिमीटरने खात्री करता येते. जळका वास आला किंवा संगणक अचानक बंद पडला, तर तिथेच थांबा.

जुना संगणक भारतात कोणाला द्यायचा असेल, तर आणखी एक गोष्ट. नव्या पॉवर सप्लायवर बहुधा १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्याला काही करावं लागत नाही. जुन्यांच्या मागे ११५/२३० चा छोटा लाल स्विच असतो. तो ११५ वर ठेवून पुण्यातल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावला, तर पॉवर सप्लाय तत्क्षणी जातो.

कार्ड बघायला निघण्याआधी लेबलवरच्या तक्त्याचा आणि मोकळ्या केबलींचा फोटो फोनवर काढून ठेवा. विकणाऱ्याच्या दारात उभं राहून हिशेब करायला तेवढं पुरतं.