एकतिशीत उघडलेलं दार
मैदानाबाहेरचा फुटबॉल : लेखांक ५

मागच्या आठवड्यात आपण इंग्लंडची बाजू पाहिली. परदेशी खेळाडूने आधी दोन वर्षं इथे राहायचं आणि मगच व्यावसायिक फुटबॉल खेळायचा, हा १९३१चा नियम तिथे १९७८मध्ये उठला. त्याच उन्हाळ्यात आर्डिलेस आणि व्हिया हे दोघे अर्जेंटिनाहून टॉटेनहॅमला आले. पण खेळाडू परदेशी जायचा तर त्याला घेणारा देश जसा लागतो, तसा सोडणाराही लागतो. न सोडणाऱ्या देशात एखाद्याची कारकीर्द कशी घडते आणि कशी आखडते, ते आज एका पोलिश मिडफिल्डरच्या उदाहरणातून पाहू. त्याचं नाव काझिमिएश देयना.

देयनाचा जन्म २३ ऑक्टोबर १९४७चा, उत्तर पोलंडमधल्या स्तारोगार्द ग्दान्स्की या गावातला. १९६६मध्ये वुच शहरातल्या वुच स्पोर्ट्स क्लबकडून तो वरच्या श्रेणीतला पहिला सामना खेळला. त्या क्लबकडून तो तेवढाच. कारण लगेच सक्तीच्या लष्करी सेवेचं बोलावणं आलं आणि एकोणीस वर्षांचा देयना वॉर्साच्या लेगियात दाखल झाला. लेगिया हा लष्कराचा क्लब होता. देशातला कुठलाही गुणी तरुण हवा असला, तर लेगियाला पैसे मोजावे लागत नसत. भरतीचा कागद पाठवला की काम भागायचं.

ही व्यवस्था समजून घ्यायला हवी. कम्युनिस्ट पोलंडमध्ये कागदोपत्री व्यावसायिक फुटबॉल नव्हताच. प्रत्येक मोठ्या क्लबमागे सरकारचं एखादं खातं किंवा उद्योग उभा असे. लेगियामागे लष्कर, क्राकुफच्या विस्वामागे पोलीस, पोझ्नानच्या लेहमागे रेल्वे आणि झाब्झेच्या गुर्निकमागे कोळसा खाणी. आपल्याकडे क्रीडा कोट्यातून रेल्वेत किंवा पोलिसांत लागलेला खेळाडू हजेरीपटावर कर्मचारी असतो आणि दिवस मैदानावर काढतो, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की तिथे अख्खी लीगच या पायावर उभी होती. खाण कामगार म्हणून पगार घेणारा सेंटर फॉरवर्ड खाणीत उतरत नसे, आणि देयना लष्करातला अधिकारी असला तरी त्याचं काम चेंडूशीच होतं.

या व्यवस्थेचा एक मोठा फायदा होता. खेळाडू कागदावर हौशी असल्यामुळे ऑलिम्पिकला चालत. पश्चिमेकडचे देश आपले खरे हौशी पोरगे पाठवत, तर पोलंड सर्वोत्तम अकरा जण उतरवत असे. १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये प्रशिक्षक काझिमिएश गुर्स्की यांच्या पोलिश संघाने सुवर्णपदक जिंकलं. अंतिम सामन्यात हंगेरीवर २-१ अशी मात केली, त्यातले दोन्ही गोल देयनाचे. स्पर्धेत त्याचे ९ गोल झाले, सर्वांत जास्त.

हा संघ कागदी हौशी होता, खेळात नव्हे, हे पुढच्या दोन वर्षांत सगळ्यांना कळलं. ऑक्टोबर १९७३मध्ये वेम्बलीवर १-१ अशी बरोबरी करून त्यांनी इंग्लंडला विश्वचषकाबाहेर ठेवलं. १९७४च्या विश्वचषकात पोलंड तिसरा आला. लातो आणि गादोखा हे दोन्ही कडांनी सुसाट पळणारे, पुढे शार्माख, आणि या तिघांना चेंडू कधी व कुठे द्यायचा ते ठरवणारा कर्णधार देयना. त्या वर्षीच्या बॅलन डी'ओरच्या मतदानात क्रायफ पहिला, बेकेनबाउअर दुसरा आणि देयना तिसरा.

देयना वेगवान नव्हता. चेंडू पायात आला की तो क्षणभर थांबतो आहे असं वाटायचं, आणि तेवढ्यात समोरच्या बचावपटूचा अंदाज चुकलेला असायचा. त्याची खासियत होती बुटाच्या बाहेरच्या कडेने मारलेला वळता चेंडू. त्याचा एक नमुना पाहण्यासारखा आहे. ऑक्टोबर १९७७, होझुवचं मैदान, पोर्तुगालविरुद्धचा विश्वचषक पात्रता सामना. होझुव हा सायलेशियातला खाणींचा मुलूख. तिथल्या प्रेक्षकांचा लष्कराच्या क्लबवर जुना राग, त्यामुळे स्वतःच्या राष्ट्रीय कर्णधाराच्या पायात चेंडू आला की ते शिट्ट्या मारत होते. कॉर्नर मिळाला, देयना कोपऱ्यात गेला आणि त्याने मारलेला चेंडू कुणाच्याही डोक्याला न लागता वळून थेट जाळ्यात शिरला. सामना १-१ असा सुटला आणि पोलंड अर्जेंटिनाला पोहोचला. आपल्याच लोकांच्या शिट्ट्या ऐकत देशाला विश्वचषकात नेणारे कर्णधार फार नसतील.

असा खेळाडू पश्चिमेकडच्या क्लबांना हवा असणारच. रिआल माद्रिदसह अनेकांचा डोळा त्याच्यावर होता. पण पोलंडमध्ये परदेशी क्लबशी करार करायला सरकारी परवानगी लागे आणि ती साधारणपणे वयाच्या अठ्ठावीस ते तिशीच्या सुमारास, राष्ट्रीय संघाची पुरेशी सेवा झाल्यावर मिळे. त्या पिढीची यादीच पाहा. लुबान्स्की १९७५मध्ये बेल्जियमच्या लोकेरनला गेला तो अठ्ठाविसाव्या वर्षी. गोलरक्षक तोमाशेव्स्कीला बेल्जियमची वाट मिळाली तिशीत. लातोही लोकेरनला गेला तो १९८०मध्ये, तिशीतच. देयनाचं प्रकरण आणखी अवघड, कारण तो लष्करात होता आणि बहुतेक श्रीमंत क्लब पलीकडच्या गोटातल्या देशांतले. ज्या व्यवस्थेने त्याला ऑलिम्पिकचं सोनं मिळवून दिलं, तिनेच त्याला माद्रिदपासून लांब ठेवलं. लेगियाकडून त्याचे ३०४ लीग सामने आणि ९४ गोल झाले, त्यातली उमेदीची सगळी वर्षं एकाच शहरात गेली.

सुटकेला निमित्त झालं १९७८च्या विश्वचषकाचं. रोसारिओत यजमान अर्जेंटिनाविरुद्ध पोलंड ०-१ असा मागे असताना त्यांच्या केम्पेसने गोलरेषेवर चेंडू चक्क हाताने अडवला. तेव्हाच्या नियमात त्याला बाहेर काढण्याची तरतूद नव्हती, फक्त पेनल्टी. देयनाने ती मारली, गोलरक्षक फिल्योलने अडवली, आणि पुढे केम्पेसनेच दुसरा गोल केला. पोलंडसाठी देयनाचा हा शेवटचा विश्वचषक ठरला. ९७ सामने, ४१ गोल. आता देशाला त्याची निकड उरली नव्हती, म्हणून त्याला जाऊ देण्यात आलं.

नोव्हेंबर १९७८मध्ये तो मँचेस्टर सिटीत आला, तेव्हा नुकतीच त्याने एकतीस वर्षं पूर्ण केली होती. त्याच्या मोबदल्यातला काही भाग फोटोकॉपी यंत्रं आणि वैद्यकीय उपकरणांच्या रूपात पोलंडला गेल्याचं सांगितलं जातं. ज्या देशाकडे पश्चिमेचं चलन नव्हतं, त्याला ही यंत्रं नोटांइतकीच मोलाची होती.

मँचेस्टरमध्ये त्याला वेगळाच फुटबॉल भेटला. हिवाळ्यात मैदानांचा चिखल व्हायचा आणि बचावपटू चेंडू उचलून सरळ पुढच्या फळीकडे धाडायचे. मधल्या फळीत चेंडू थांबवून विचार करणाऱ्या माणसाच्या डोक्यावरूनच खेळ पुढे जाई. त्याच्या जोडीला नवी भाषा, दुखापती आणि ज्याने आणलं तो मॅनेजर बाजूला पडून काही आठवड्यांत जुना मॅनेजर माल्कम ॲलिसनचं पुनरागमन. तरीही मोसमाच्या शेवटच्या टप्प्यात त्याने मोलाचे गोल केले आणि सिटी खालच्या श्रेणीत घसरली नाही. यूएफा कपच्या उपांत्यपूर्व फेरीतल्या परतीच्या सामन्यात म्योन्शनग्लाडबाखला सिटी हरली, तेव्हा तिचा एकमेव गोल देयनाचा होता. दोन-सव्वादोन वर्षांत ३८ लीग सामने आणि १२ गोल. मिडफिल्डरसाठी हे प्रमाण उत्तमच. पण ते सामने तीन मोसमांत विखुरलेले आहेत.

जानेवारी १९८१मध्ये तो अमेरिकेत सान डिएगो सॉकर्सकडे गेला. त्याच वर्षी पडद्यावर आलेल्या ‘एस्केप टू व्हिक्टरी’ या चित्रपटात पेले आणि बॉबी मूर यांच्यासोबत तो युद्धकैद्यांच्या संघात दिसतो. १९८४च्या मोसमानंतर अमेरिकेतली मैदानी लीग बंद पडली आणि इनडोअर फुटबॉल तेवढा उरला. आइस हॉकीच्या रिंगणाएवढी कृत्रिम हिरवळ, सभोवती लाकडी कठडा, गोलरक्षक धरून सहा जण. इथे पळायला जागाच नसल्याने देयनाचा संथपणा आड आला नाही. कठड्यावर आपटून परतणाऱ्या चेंडूचा कोन तो आधीच हेरायचा. तिथे तो अनेक विजेतेपदांचा मानकरी ठरला. पण खेळ संपल्यावर पैशांत झालेली फसवणूक आणि दारू यांनी त्याला घेरलं. १ सप्टेंबर १९८९ रोजी सान डिएगोच्या महामार्गावर त्याची गाडी उभ्या ट्रकवर आदळली आणि तो गेला. वय अवघं एकेचाळीस. त्याच्या आदल्याच आठवड्यात पोलंडमध्ये माझोव्येत्स्की पंतप्रधान झाले होते आणि खेळाडूंना अडवून धरणारी राजवट मोडकळीला आली होती. लेगियाने पुढे त्याची दहा नंबरची जर्सी कायमची निवृत्त केली आणि २०१२मध्ये त्याच्या अस्थी वॉर्साच्या लष्करी दफनभूमीत आणल्या गेल्या.

नियमाने किती फरक पडतो, हे पाहायला आणखी दोन नावं पुरेत. झ्बिग्न्येव बोन्येक १९८२मध्ये युव्हेन्टसला गेला तो सव्विसाव्या वर्षी. तेव्हा पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू होता, तरीही त्याला सोडलं, कारण कर्जात बुडालेल्या देशाला डॉलर हवे होते आणि ही रक्कम सुमारे १८ लाख डॉलर होती. बोन्येकला इटलीत शिकायला, चुकायला आणि जिंकायला वेळ मिळाला. १९८४च्या कप विनर्स कपच्या अंतिम सामन्यात पोर्तोविरुद्धचा विजयी गोल त्याचा. प्योत्र झ्येलिन्स्की तर २०११मध्ये सतराव्या वर्षीच उदिनेसेत आला. एम्पोलीत दोन मोसम उसनवारीवर घालवून तो घडला, मग नापोलीत आठ मोसम खेळून २०२३ची लीग जिंकला आणि २०२४मध्ये इंटरला गेला. या तिघांत सर्वांत गुणी कोण, या प्रश्नावर वॉर्सातली जुनी माणसं आजही देयनाचंच नाव घेतील. युरोपातल्या परदेशी लीगच्या आकड्यांत मात्र तो तिघांत मागे पडतो.

म्हणूनच एखाद्या खेळाडूची परदेशातली कामगिरी तपासताना गोलांच्या आधी त्याचं तिथे पोहोचतानाचं वय वाचावं. सतराव्या वर्षी आलेल्याला शिकायला दहा वर्षं असतात, सव्विसाव्या वर्षी आलेल्याला पाच. एकतिशीत आलेल्याला आधीच येत असलेलंच करून दाखवावं लागतं, तेही त्याची गरज नसलेल्या संघात. देयनाचे ३८ सामने त्याच्या कुवतीबद्दल थोडंच सांगतात, पोलंडच्या परवानगी खात्याबद्दल बरंच.

पुढच्या लेखात : सरकारची परवानगी गेली, तरी क्लबची पकड सुटली नव्हती. ती सोडवायला १९९५मध्ये बेल्जियमच्या एका साध्याशा मिडफिल्डरला युरोपच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. त्याचं नाव जाँ-मार्क बोस्मन.