महाग औषध आणि निर्धन रुग्ण : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात एक अर्थविचार

एखाद्या रोगावर औषध सापडणे आणि ते रुग्णाच्या हाती पडणे या दोन निरनिराळ्या घटना होत. पहिली प्रयोगशाळेत घडते, दुसरी बाजारात व शासनव्यवहारात. या दोहोंमधील अंतर कोणत्या उपायांनी कमी होते, याचा विचार अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने अवश्य करावयास हवा. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘सी’ प्रकारच्या हिपॅटायटिसचे, म्हणजे विषाणुजन्य यकृतदाहाचे, उदाहरण घेतले असून भंडारा जिल्ह्यातील सामान्य रुग्ण डोळ्यांपुढे ठेविला आहे.

या रोगाचा विषाणू १९८९ साली ओळखला गेला. तो रक्तावाटे पसरतो आणि पुष्कळदा वर्षानुवर्षे कोणतेही लक्षण न दाखविता यकृत पोखरीत राहतो. परिणामी यकृत आकसते व काहींना कर्करोगही होतो. आपल्याकडे यकृताच्या साऱ्या विकारांना ‘कावीळ’ या एकाच नावाने ओळखण्याची आणि ती झाडपाल्याने उतरविण्याची रूढी आहे. परंतु या विकारात डोळे पिवळे होईपर्यंत वाट पाहणे म्हणजे उपचाराचा सोपा काळ दवडणेच होय.

२०१३ च्या डिसेंबरात अमेरिकेत सोफोस्बुवीर या औषधास मान्यता मिळाली आणि या रोगाच्या चिकित्सेत क्रांती झाली. जोडीच्या दुसऱ्या औषधासह बारा आठवडे गोळ्या घेतल्यास शंभरांपैकी पंचाण्णवांच्या आसपास रुग्ण पूर्ण बरे होतात. मात्र तेथे एका गोळीची किंमत १,००० डॉलर, म्हणजे ८४ गोळ्यांच्या एका उपचाराची ८४,००० डॉलर ठेवण्यात आली. तत्कालीन विनिमयदराने ही रक्कम पन्नास लाख रुपयांहून अधिक होते. याउलट, एवढ्या गोळ्या तयार करण्यास ६८ ते १३६ डॉलर पुरतील, असा अंदाज संशोधकांनी २०१४ साली मांडला. किंमत उत्पादनखर्चावरून ठरत नसून मक्तेदारीच्या बळावर ठरते, या सिद्धान्ताचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

भारतात चित्र निराळे झाले, त्याची मुळे १९७० च्या पेटंट कायद्यात आहेत. या कायद्याने औषधाच्या पदार्थावरील पेटंट नाकारून केवळ उत्पादनपद्धतीवरील पेटंट मान्य केले. त्यामुळे देशात औषधनिर्मितीचा समर्थ उद्योग उभा राहिला. २००५ साली पदार्थावरील पेटंट पुन्हा आले, तरी सक्तीच्या परवान्याची तरतूद कायम राहिली. तिचा प्रत्यय २०१२ साली आला. यकृत व मूत्रपिंड यांच्या कर्करोगावरील सोराफेनिब या औषधाचा मासिक खर्च सुमारे २,८०,००० रुपये होता. सक्तीच्या परवान्यामुळे तेच औषध ८,८०० रुपयांस उपलब्ध झाले. या पार्श्वभूमीवर सोफोस्बुवीरच्या मूळ कंपनीने २०१४ साली भारतीय कंपन्यांना स्वेच्छेने परवाने दिले, आणि २०१५ च्या मार्चमध्ये २८ गोळ्यांची देशी बाटली १९,९०० रुपये छापील किमतीस बाजारात आली.

अमेरिकेतील किमतीच्या मानाने ही घट विलक्षण खरी. पण तीन बाटल्यांचे ५९,७०० रुपये, त्यावर दुसरे औषध व तपासण्या, हा भार धानाच्या एका पिकावर वर्ष काढणाऱ्या लाखांदूर अथवा साकोलीच्या अल्पभूधारकास, किंवा विड्या वळून पोट भरणाऱ्या कुटुंबास, पेलणारा नव्हता. किंमत नव्याण्णव टक्क्यांनी उतरली तरी ती उरलेल्या एका टक्क्यातही कुटुंबास कर्जात लोटू शकते, ही गोष्ट ‘स्वस्त’ या शब्दाचा सैल वापर करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी.

हे उरलेले अंतर सार्वजनिक खरेदीने बुजविले. २०१६ साली पंजाब राज्याने या रोगाचा उपचार विनामूल्य देण्यास आरंभ केला. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणुजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यानुसार निदान व औषधे दोन्ही मोफत असून, साध्या रुग्णांसाठी जिल्हा पातळीवर उपचारकेंद्रे आणि गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी मोठ्या वैद्यकीय संस्थांत आदर्श उपचारकेंद्रे अशी रचना आहे. म्हणून भंडाऱ्याच्या रुग्णाने मदतीचा पहिला अर्ज कोणत्याही निधीकडे न करता पहिली चौकशी जिल्हा सामान्य रुग्णालयात करावी. पहिल्या रक्तचाचणीने केवळ पूर्वसंसर्ग कळतो. विषाणू आज शरीरात आहे किंवा नाही, हे दुसऱ्या चाचणीने ठरते, आणि औषध तिच्यावर अवलंबून असते. गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी पुन्हा चाचणी झाल्याखेरीज रोग गेला असे म्हणता येत नाही.

येथे एक घोटाळा वारंवार होतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, जी २०१२ साली राजीव गांधी यांच्या नावाने सुरू झाली होती, आणि आयुष्मान भारत योजना या मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारासाठी आहेत. घरी बसून घ्यावयाच्या गोळ्यांचा खर्च त्यांतून निघेल ही अपेक्षा व्यर्थ होय. मात्र जलोदर, रक्ताची उलटी अशा उपद्रवांमुळे दाखल व्हावे लागले, तर अंगीकृत रुग्णालयात त्यांचा विचार प्रथम करावा. त्यानंतरची पायरी धर्मादाय रुग्णालयांची. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१ अअ या कलमाखाली अशा रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांस मोफत व दहा टक्के दुर्बल घटकांस सवलतीत द्यावयाच्या असतात. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत जमा होते. मुख्यमंत्री साहाय्यता निधी हा शेवटचा आधार. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका आणि रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक लागते, आणि साहाय्य रुग्णालयाकडे जाते. हा क्रम उलटा झाला की, मोफत मिळणाऱ्या गोष्टीसाठी शेत गहाण पडते.

‘बी’ प्रकारच्या यकृतदाहाचे अर्थकारण याहून भिन्न आहे. तेथे औषध विषाणूस दडपते, निपटीत नाही. म्हणून टेनोफोवीर अथवा एन्टेकावीरची गोळी अनेकदा वर्षानुवर्षे घ्यावी लागते. खर्च थोडा पण अखंड असतो, आणि मध्येच औषध तोडणे धोक्याचे असते. हाही उपचार राष्ट्रीय कार्यक्रमात अंतर्भूत आहे. परंतु येथे सर्वांत स्वस्त औषध म्हणजे नवजात बालकास चोवीस तासांच्या आत दिलेली लस होय.

भंडारा जिल्ह्यासाठी आणखी एक बाब विशेष महत्त्वाची आहे. विदर्भात सिकलसेल हा रक्तविकार मोठ्या प्रमाणात आढळतो. त्याच्या काही रुग्णांना वरचेवर रक्त द्यावे लागते, आणि वारंवार रक्त घेणाऱ्यांत ‘सी’ विषाणूचा धोका अधिक असतो. अशा कुटुंबांनी लक्षणांची वाट न पाहता तपासणी करून घेणे इष्ट.

औषध फुकट झाल्यावरही खर्च शिल्लक राहतोच. तुमसर वा पवनीहून जिल्ह्याच्या गावी, आणि तेथून नागपूरला करावयाच्या खेपा, रोवणीच्या दिवसांत बुडालेली मजुरी, सोबत्याचे जेवणखाण, यांची नोंद कोणत्याही देयकात होत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी जिल्ह्यातील थोड्या कुटुंबांच्या उपचाराचा आरंभापासून अखेरपर्यंतचा जमाखर्च मांडला, तर मोफत उपचार अर्ध्यावर का सुटतात याचा उलगडा होण्यास मोठे साहाय्य होईल. किमतीचा प्रश्न कायद्याने आणि पुरवठ्याचा प्रश्न शासकीय खरेदीने बऱ्याच अंशी सुटला; अंतराचा व माहितीचा प्रश्न मात्र गावपातळीवरच सोडवावा लागेल.