हॅलोविनला ‘हो’ की ‘नाही’? ख्रिस्ती कुटुंबांपुढील पेच

ऑक्टोबर संपत आला की मुंबई-पुण्यातील मॉलमध्ये कोरलेले भोपळे आणि सांगाडे झळकू लागतात. गृहसंकुलांत मुलांसाठी ‘हॅलोविन पार्टी’ ठरते. शेजारची मुले भुताचा वेष करून निघाली, की ख्रिस्ती घरातही हट्ट सुरू होतो. इतरांना हा सण ‘त्यांचाच’ वाटतो. परंतु तो साजरा करावा की नाही, याबाबत ख्रिस्ती समाजातच एकमत नाही.

हॅलोविन या नावाचा अर्थ ‘संतांच्या सणाची पूर्वसंध्या’ असा आहे. १ नोव्हेंबर हा सकल संतांचा सण, तर २ नोव्हेंबर हा मृतांचा स्मरणदिन. भुताखेतांच्या प्रथांचे मूळ मात्र आयर्लंड-स्कॉटलंडमधील ‘साउइन’ या प्राचीन केल्टिक सणात असल्याचे सांगितले जाते. एकोणिसाव्या शतकात आयरिश स्थलांतरितांबरोबर त्या अमेरिकेत गेल्या. तेथे सलगमाच्या कंदिलाची जागा भोपळ्याने घेतली आणि पुढे बाजारपेठेने हा सण जगभर नेला.

विरोध करणारी कुटुंबे बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायाचा आधार घेतात. मृतात्म्यांशी संपर्क साधण्यास तेथे मनाई आहे. मुलांचे वेषांतर हा निव्वळ खेळ आहे, असे मानणारी कुटुंबे पौलाच्या रोमकरांस पत्राकडे बोट दाखवतात. खाण्यापिण्याच्या आणि सणवारांच्या बाबतीत प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी व दुसऱ्याला दोष देऊ नये, असा त्याच्या चौदाव्या अध्यायाचा आशय आहे. प्रोटेस्टंट पंथीयांसाठी ३१ ऑक्टोबरला आणखी एक अर्थ आहे. १५१७ मध्ये याच दिवशी मार्टिन ल्यूथर यांनी आपली ९५ प्रमेये मांडली, म्हणून तो धर्मसुधारणा दिन म्हणून पाळला जातो.

काही पालक मधला मार्ग निवडतात. मुलांना भुताऐवजी संतांचा वेष दिला जातो. पॅरिसमध्ये २००२ साली सुरू झालेला ‘होलीविन्स’ हा उपक्रम याच धर्तीचा आहे.

मराठी ख्रिस्ती समाजाला अशी निवड नवी नाही. धर्मांतरानंतर कुंकू, प्रसाद, दिवाळीचा फराळ यांतील काय ठेवावे आणि काय सोडावे, हे घरोघरी ठरवावे लागले होते. येथे फरक इतकाच, की प्रश्न गावाकडून नव्हे, तर मॉल आणि शाळेकडून आला आहे.

महाड-पोलादपूर परिसरातील हिंदू घरांत सर्वपित्री अमावस्येला पितरांचे स्मरण होते. मुंबई-वसईच्या कॅथलिक घरांत तेच स्थान २ नोव्हेंबरला आहे. त्या दिवशी कबरी स्वच्छ करून फुले वाहिली जातात, मेणबत्त्या लावल्या जातात आणि धर्मगुरू कबरींना आशीर्वाद देतात. अनेक पालकांची खरी चिंता येथे आहे. पार्टीला गेलेले मूल दोन दिवसांनी आजी-आजोबांच्या कबरीवरही येणार असेल, तर मुखवट्याचा वाद घरात फारसा वाढत नाही. ती भेटच चुकू लागली, तर मात्र हॅलोविनला ‘नाही’ म्हणणाऱ्यांचे म्हणणे इतरांनाही पटू लागते.