मोटारसायकलच्या प्लास्टिकवरील जुना रंग

पंधरा-वीस वर्षें घरांत वापरलेली मोटारसायकल विकून टाकावयास सहसा कोणाचें मन होत नाहीं. तिचें एंजिन दुरुस्त करतां येतें, चाकें बदलतां येतात, बैठकीला नवें आवरण शिवून मिळतें. पण बाजूचीं झांकणें, पुढील दिव्याभोंवतालचें आवरण, मागच्या शेपटाचे तुकडे हे प्लास्टिकचे भाग एकदां बिघडले कीं त्यांची जोडी बाजारांत मिळेलच असें नसतें. तो नमुना काढणें कारखान्यानें थांबविलें असलें, तर जुन्या सामानाच्या दुकानांतून वणवण करण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं. म्हणून नवा रंग देण्यापूर्वीं या भागांवरील जुना रंग काढावा कसा, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाहीं.

बहुधा घडतें तें असें. पेट्रोलची टाकी पत्र्याची असते. तिच्यावर रंग काढण्याचा रिमूव्हर फासला कीं थोड्याच वेळांत जुन्या रंगाला सुरकुत्या पडतात आणि पत्र्याच्या पट्टीनें तो साल निघावी तसा निघून येतो. या यशानें हुरूप आलेला गृहस्थ तोच ब्रश बाजूच्या झांकणावर फिरवितो. रंग सुटतो खरा. पण खालचा पृष्ठभागही चिकट होतो, त्यावर बोटाचा ठसा उमटतो, आणि पट्टीबरोबर रंगासवें प्लास्टिकचाही लगदा निघूं लागतो. झांकण वाळल्यावर जें हातीं येतें, त्याला पुन्हां कोणतीही लांबी पूर्वीचें रूप देऊं शकत नाहीं.

लोखंडाला ॲसिटोन, थिनर किंवा डायक्लोरोमिथेन यांची बाधा होत नाहीं. रंग आणि प्लास्टिक यांची गोष्ट निराळी. दोन्हीही लांबलचक साखळ्यांच्या रेणूंचे बनलेले. जणुं एकाच कुळांतले. जो द्रव एकाला विरघळवितो, तो दुसऱ्यालाही ओळखतो. मोटारसायकलच्या झांकणांसाठीं फार वापरलें जाणारें प्लास्टिक म्हणजे ॲक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाईन व स्टायरीन या तिघांपासून होणारें, व्यापारांत एबीएस या अक्षरांनीं ओळखलें जाणारें. तें १९५० नंतरच्या दशकांत बाजारांत आलें. त्यांतील ब्युटाडाईनचा रबरी अंश त्याला चिवटपणा देतो, म्हणून तें आपटलें तरी सहजासहजीं फुटत नाहीं. त्यावर रंग उत्तम बसतो, कारण रंगांतील थिनर त्याच्या पृष्ठभागाला किंचित् चावतो आणि रंगाला पकड मिळते. ज्या गुणामुळें रंग चांगला बसतो, त्याच गुणामुळें तो उतरविणें धोक्याचें होतें.

दुसरें प्लास्टिक पॉलिप्रोपिलीन. तें हाताला मेणचट लागतें, आणि नेहमींच्या तापमानांत थिनरला दाद देत नाहीं. याच्यावरून रंग काढणें सोपें. कित्येकदां तो नखानें सुटतो. पण त्याच कारणानें त्यावर नवा रंगही टिकत नाहीं, आणि खास त्यासाठीं बनविलेलें अस्तर आधीं द्यावें लागतें. होंडाच्या १९५८ सालच्या सुपर कब या गाडीचें पुढचें मडगार्ड व पायांपुढील ढाल याच कुळांतल्या पॉलिएथिलीनचीं होतीं.

तेव्हां पहिलें काम ओळख पटविण्याचें. भाग सोडवून उलटा केला कीं आंतल्या बाजूस सांच्यांतच उठविलेलीं अक्षरें बहुधा सांपडतात. धूळ व चिखल खरवडून पाहावें. अक्षरें नसलीं तर आंतील न दिसणाऱ्या कडेचा, रंग नसलेला, नखाएवढा कपचा काढून साबणाचा एक थेंब घातलेल्या पाण्यांत बुडवावा. पॉलिप्रोपिलीन पाण्याहून हलकें असल्यामुळें वर येतें. एबीएस, नायलॉन व पॉलिकार्बोनेट तळाशीं जातात. साबण एवढ्यासाठीं कीं कपच्याला चिकटलेल्या हवेच्या बुडबुड्यानें फसगत होऊं नये.

विरघळून लगदा झाला, तर निदान चूक ताबडतोब दिसते. याहून वाईट इजा ती, जी दिसत नाहीं. सांच्यांतून निघालेल्या प्रत्येक भागांत कांहीं ताण गोठलेला असतो, आणि स्क्रूच्या भोंकांशीं, खुंट्यांशीं व कोपऱ्यांत तो अधिक असतो. अशा ठिकाणीं विशिष्ट द्रव मुरला म्हणजे प्लास्टिक विरघळत नाहीं. पण रेणूंची परस्परांवरची पकड ढिली पडते व केसासारख्या भेगा सुरू होतात. झांकण दिसावयास शाबूत असतें, नवा रंगही झळकतो; आणि कांहीं दिवसांनीं, गाडी उन्हांत उभी असतां किंवा खडबडीत रस्त्यावर, स्क्रूभोंवतीं तें तडकतें. ब्रेक ऑईल सांडलें कीं रंग फुगून सुटतो, हें पाहून पुष्कळजण मुद्दाम भाग त्यांत बुडवून ठेवतात. रंग निघतो यांत शंका नाहीं. पण मागें राहणारा तेलकट अंश नव्या रंगाला धरूं देत नाहीं, आणि दीर्घकाळ बुडविल्यानें वरील भेगांचें भय असतें. स्वस्त म्हणून हा उपाय लोकप्रिय आहे, एवढेंच त्याच्याविषयीं म्हणतां येईल.

गरम हवेचा झोत देणारें यंत्र तर दूरच ठेवावें. एबीएस साधारण शंभर अंशांच्या आसपास मऊ पडूं लागतें, आणि त्या यंत्राची हवा याच्या कितीतरी पट तापलेली असते.

मग उरतें काय? उरतो पॉलिश पेपर, पाणी आणि धीर. येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. जुना रंग पूर्णपणें काढलाच पाहिजे, असा नियम नाहीं. कारखान्यांतील रंगाचे सर्व थर मिळून जाडी सुमारें एक दशांश मिलिमीटर असते. तो जर कोठें सुटलेला नसेल, तर त्यासारखें अस्तर दुसरें नाहीं. ६०० नंबरच्या वॉटर पेपरनें त्याची चमक तेवढी मारावी, म्हणजे नवा रंग त्याला धरतो. जेथें पोपडे निघाले आहेत तेथें ३२० नें आरंभ करून ४०० वर यावें व उरलेल्या रंगाची कड उतरती करावी. डोळे मिटून बोट फिरविल्यावर पायरी लागली नाहीं, म्हणजे कड बसली असें समजावें. यापेक्षां भरड कागद चर पाडतो, आणि ते चर नव्या रंगांतून डोकें वर काढतात. यंत्राची चकती वापरण्याचा मोह टाळावा. घर्षणाच्या उष्णतेनें प्लास्टिक वितळून माखतें. पाणी सतत असावें, कारण जुन्या पिवळ्या व तांबड्या रंगांत शिशाचीं संयुगें असूं शकतात. ती धूळ गॅलरींत, जेथें मुलें खेळतात आणि कपडे वाळतात, तेथें उडवूं नये. तोंडावर मास्क असावाच.

हातानें मारलेला डबा-स्प्रेचा स्वस्त रंग असेल, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनें भिजविलेलें फडकें कांहीं मिनिटें ठेवून पाहावें. आधीं आंतल्या कोपऱ्यांत. रंग फडक्याला आला तर काम सोपें झालें. हार्डनर घालून बसविलेला रंग याला मुळींच दाद देत नाहीं. मग हट्ट धरूं नये. मागच्या दिव्याच्या तांबड्या कांचेला मात्र हें अल्कोहोल लावूं नये. ती पुष्कळदां ॲक्रिलिकची असते व तिच्यावर जाळें पडतें.

रिमूव्हरविषयीं आणखी एक गोष्ट केवळ प्लास्टिकपुरती नाहीं. डायक्लोरोमिथेनची वाफ श्वासावाटे शरीरांत गेली कीं तेथें तिच्यापासून कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. बंद न्हाणीघरांत हें काम करतांना माणसें दगावलीं आहेत. अमेरिकेंत २०१९ सालीं असे रिमूव्हर घरगुती ग्राहकांना विकण्यास बंदी करण्यांत आली.

घासून झाल्यावर भाग साबणानें धुवावा, सांवलींत पूर्ण वाळवावा आणि त्यानंतर उघड्या हातानें शिवूं नये. बोटांचा तेलकटपणा रंगाखालीं राहतो. एबीएसला स्क्रूजवळ बारीक भेग आढळली, तर ज्या ॲसिटोनला इतका वेळ दूर ठेवलें तोच येथें उपयोगीं पडतो. दुसऱ्या मोडक्या एबीएस झांकणाचे तुकडे त्यांत विरघळवून घट्ट लेप करावा व भेगेच्या आंतल्या बाजूनें पातळ थरांनीं भरावा. प्रत्येक थर पुरता वाळूं द्यावा, आणि शेवटच्या थरानंतर निदान एक दिवस तरी अस्तराचा डबा उघडूं नये.