पेप्टाइड उपचार: अल्पायुषी रेणूंना मिळालेले आयुष्य

अमिनो आम्ले एकमेकांना जोडून झालेल्या, साधारणपणे पन्नासाच्या आसपासपर्यंत घटक असलेल्या आखूड साखळीला पेप्टाइड म्हणतात, आणि रक्तातून एका अवयवाचा संदेश दुसऱ्या अवयवाकडे नेणारी अनेक संप्रेरके याच जातीची असतात. अशी साखळी बाहेरून देऊन शरीराचे बिघडलेले काम सुधारणे म्हणजे पेप्टाइड उपचार. या नावाभोवती आज नवलाईचे वलय असले, तरी जानेवारी 1922 मध्ये टोरांटो येथे लेनर्ड थॉम्पसन या मधुमेही मुलाला टोचलेले इन्सुलिन हेही 51 अमिनो आम्लांचे पेप्टाइडच होते.

पेप्टाइड तोंडावाटे दिले तर पचनरस त्याचे अन्नातील प्रथिनांसारखेच तुकडे करतात, आणि रक्तात टोचले तरी विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, ते लवकरच तोडून टाकतात. जेवणानंतर आतड्यातून स्रवणारे जीएलपी-1 हे संप्रेरक रक्तातील साखर वाढलेली असताना स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेते, जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते आणि मेंदूला पोट भरल्याची जाणीव करून देते. परंतु डीपीपी-4 नावाचे विकर त्याचा काही मिनिटांतच निकाल लावते. पुढचा दुवा अनपेक्षित ठिकाणी सापडला: अमेरिकेतील गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेत तेच काम करणारे, पण अधिक टिकणारे पेप्टाइड मिळाले आणि त्यावरून घडवलेल्या एक्झेनाटाइडला 2005 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. सेमाग्लुटाइड या औषधात मानवी जीएलपी-1 च्या साखळीतच थोडे फेरफार करून तिला मेदाम्लाची शेपटी जोडली गेली, त्यामुळे ते रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहते आणि आठवड्याला एकच इंजेक्शन पुरते. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता हे त्रास मात्र बऱ्याच जणांना होतात, आणि पोट भरल्याच्या जाणिवेमुळे घटलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूंचाही वाटा असतो, ही गोष्ट जाहिरातींत क्वचितच आढळते.

औषध जास्त काळ टिकले म्हणजे ते अधिक चांगले, असेही सरसकट म्हणता येत नाही. हाडांच्या ठिसूळपणावरील टेरिपॅराटाइड हा पॅराथायरॉइड संप्रेरकाच्या 84 पैकी पहिल्या 34 अमिनो आम्लांचा तुकडा आहे. या संप्रेरकाची पातळी सतत चढी राहिली तर हाडे झिजतात, पण दिवसातून एकदाच अल्पकाळ वाढली तर नवे हाड तयार होते.

व्यायामशाळांतून आणि समाजमाध्यमांतून स्नायूंच्या दुखापतीवर सुचवल्या जाणाऱ्या बीपीसी-157 या पेप्टाइडची गोष्ट वेगळी आहे. त्यामागचा पुरावा मुख्यतः प्राण्यांवरील प्रयोगांचा असून जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने त्यावर 2022 पासून बंदी घातली आहे. ‘केवळ संशोधनासाठी’ असे छापलेल्या कुपीची शुद्धता वा मात्रा यांची हमी कोणी देत नाही, म्हणून ती स्वतःला टोचून घेण्याला उपचार म्हणता येणार नाही.