रशियाची सरकारी वाणी आणि शेजाऱ्यांचा मुलूख

शहापूर-मुरबाडकडील भातखाचरांच्या काठी राहणाऱ्या वाचकाला युक्रेनचे युद्ध प्रथम जाणवले ते सूर्यफूल तेलाच्या आणि खताच्या भावांतून. परंतु त्या युद्धाची पूर्वतयारी तोफखान्याइतकीच रशियाच्या सरकारी दूरचित्रवाणीनेही केली होती, हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. मॉस्कोच्या प्रचाराशी महाराष्ट्राचा परिचय जुनाच. सोव्हिएत काळातील मराठी नियतकालिकांचा गुळगुळीत, रंगीत कागद शाळकरी मुलांच्या पुस्तकांना कव्हर म्हणून चढत असे. आणि त्याच राजवटीच्या अधिकृत निवेदनांत ऑगस्ट १९६८ मध्ये प्रागमध्ये शिरलेले रणगाडे बंधुभावाचे साहाय्य ठरत.

आजची रीतही तीच आहे. २००५ साली सुरू झालेली आरटी परदेशी प्रेक्षकांसाठी, तर ‘पेर्वी कनाल’ स्वदेशी जनतेसाठी. २०१४ साली क्रिमिया बळकावताना आणि २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर चाल करताना, शेजारचे राष्ट्र वस्तुतः आपलेच अंग असून त्याला फॅसिस्टांच्या तावडीतून सोडवावयाचे आहे, असे या वाहिन्या अहोरात्र सांगत राहिल्या. ४ मार्च २०२२ च्या कायद्याने तर सैन्याविषयी ‘खोटी’ माहिती पसरविणाऱ्यास १५ वर्षांपर्यंत कैदेची तजवीज केली.

तरीही दहाच दिवसांनी पेर्वी कनालच्या संपादिका मरीना ओव्स्यानिकोवा, सायंकाळच्या बातम्या चालू असता, निवेदिकेच्या पाठीमागे युद्धविरोधी फलक घेऊन उभ्या राहिल्या. काही क्षणांतच पडद्यावरील दृश्य बदलण्यात आले. त्या क्षणांचे मोल मला फार मोठे वाटते. पुढे त्यांना देशत्याग करावा लागला, आणि २०२३ साली मॉस्कोच्या न्यायालयाने त्यांच्या गैरहजेरीत साडेआठ वर्षांची सजा फर्मावली.