स्मारक नाण्यांची पारख

घरांतील जुन्या डब्यांतून महात्मा गांधींची मुद्रा असलेलें १० रुपयांचें चांदीचें नाणें निघालें, कीं कोणी तें घेऊन सराफाकडे धांवतो, तर कोणी लक्षावधि रुपयांचीं स्वप्नें पाहत स्वस्थ बसतो. दोघांच्याहि हातून एक गोष्ट राहून जाते. तें कोणत्या टांकसाळींत पडलें, हें पाहण्याची.

भारतीय नाण्यावर टांकसाळीची खूण बहुधा सालाखालीं असते. मुंबईची खूण पत्त्यांतील चौकटीसारखी, हैदराबादची चांदणीसारखी. नॉयडाच्या, १९८८ सालीं सुरू झालेल्या टांकसाळीचा नुसता गोल ठिपका. कलकत्त्याची टांकसाळ या सर्वांत जुनी. ती कोणतीच खूण उमटवीत नाहीं, आणि खरी फसगत येथेंच होते. जेथें खुणेचा अभाव हीच खूण, तेथें मुंबईच्या नाण्यावरील चौकट झिजली, अथवा कोणीं कानशीनें मुद्दाम घासून टाकली, तर तें नाणें कलकत्त्याचें म्हणून सहज खपून जातें. १९६९ सालच्या गांधी-शताब्दीच्या या नाण्यांत मुंबईचींच फार, कलकत्त्याचीं थोडीं. मोह पडतो तो यामुळेंच. अशा वेळीं भिंग घ्यावें. अक्षरांच्या कडा तीक्ष्ण असून खुणेच्या जागींच तेवढे ओरखडे किंवा खळगा दिसला, तर संशयास जागा आहे. संग्राहकांसाठीं पाडलेल्या झिलईदार प्रूफ नाण्यांवर मुंबईनें पूर्वीं ‘बी’ व पुढें ‘एम’ हें इंग्रजी अक्षर घातलें.

किंमतीचा पाया धातु. गांधी-नाण्याचें वजन १५ ग्रॅम व चांदी शेंकडा ८०. म्हणजे १२ ग्रॅम चांदीचा त्या दिवसाचा भाव, त्याखालीं तें देऊं नये. स्वतंत्र भारताचें पहिलें स्मारक नाणें १९६४ सालचें, पंडित नेहरूंचें. पण तें निकलचें, त्याला असा आधार नाहीं. तेथें सर्व भिस्त नाण्याच्या स्थितीवर. चिंच नि राख लावून तें लख्ख करण्याची गृहिणींची हौस मात्र घातक! मूळची झळाळी एकदां गेली, कीं ती परत येत नाहीं, आणि जाणता ग्राहक तेवढ्यानेंच भाव पाडतो.

वैष्णोदेवीच्या मुद्रेचीं २०१२ सालचीं ५ व १० रुपयांचीं नाणीं लाखोंना जातात, अशा वावड्या उठल्या आहेत. वास्तविक तीं रोजच्या व्यवहारांत सुट्या पैशांबरोबर हातीं येत. जुन्या नाण्यांच्या खरेदीविक्रीसाठीं आपलें नांव सांगून दलाली मागणाऱ्या भामट्यांविषयीं रिझर्व्ह बँकेनें २०२१ सालीं जाहीर इशारा दिला. बँक असा व्यवहार करीत नाहीं. तेव्हां आधीं पैसे भरा असें सांगणाऱ्यास नाण्याचें छायाचित्रसुद्धां पाठवूं नये.